साडेसतरा लाखांचा बॉम्ब

जबलपूरच्या सिविल लाइन्समध्ये विज्ञान आणि नीतीचा विषय निघाला की गाडी तोफांवर येणारच. 1904 पासून शहरात गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियात दारूगोळा बनतो. इथल्या जाणत्यांचं मत ठरलेलं: दोष सुरी करणाऱ्याचा नाही, भोसकणाऱ्याचा. शास्त्रज्ञाने शोध लावावा, वापराचं सरकार बघेल.

तोफेपुरतं हे मान्य. तोफेला आधी मागणी येते, मागणारा माहीत असतो. पण काय शक्य आहे आणि ते केवढ्याला पडेल, हे मागणीआधी शास्त्रज्ञच सांगतो, आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

16 ऑक्टोबर 1964 ला चीनने अणुस्फोट केला. आठ दिवसांनी भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. भाषणात निःशस्त्रीकरणाचाही आग्रह होता; पण लोकांच्या ध्यानात राहिला तो भाव. दहा किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाख रुपयांत! आकडा खोटा नव्हता, अर्धा होता. तो अमेरिकेच्या शांततामय स्फोटांच्या योजनेतून उचललेला. अणुभट्टी आणि प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना यांचा खर्च त्यात धरलेलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात गुंटूरला काँग्रेसच्या बैठकीत बॉम्बची मागणी झाली, तेव्हा ‘परवडतो’ हा मुद्दा आयता हाताशी होता. इथे सुरी करणारा नुसता सुरी करून थांबला नाही, भावफलकही त्यानेच लावला.

भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी त्याआधीच नेमकं उलट करत होते. 1960 मध्ये पुण्यात त्यांनी अणुऊर्जेचा पुरा खर्च काढून दाखवा म्हटलं आणि या उन्हाच्या देशात सूर्याकडे बघा असं बजावलं. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. अणुविरोधाने नोकरी गेली, ही गोष्ट सांगायला छान. पण रीमानच्या सिद्धान्तकल्पनेवरचा त्यांचा फसलेला लेखही तेव्हा गाजत होता. त्यांना हुतात्मा करायची गरज नाही.

‘आपण नाही केलं तर दुसरा करेल’ हे जाणत्यांचं दुसरं आवडतं उत्तर. जर्मनीकडे बॉम्ब होणार नाही हे कळताच 1944 च्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट अमेरिकेचा अणुबॉम्ब जिथे बनत होता ते लॉस अलामॉस सोडून निघाले. काम थांबलं नाही, हे खरंच. पण त्यांनी काम थांबवायचा दावा केलाच नव्हता. ज्या कारणासाठी आलो ते उरलं नाही, एवढंच म्हटलं. भाभांकडूनही राजीनाम्याची अपेक्षा नव्हती. साडेसतरा लाखांत काय काय धरलेलं नाही, हे सांगायला त्याच भाषणात एक वाक्य पुरलं असतं.