फँटसी ड्राफ्ट (इनडोअर फुटबॉल)

इनडोअर फुटबॉलमधील फँटसी ड्राफ्ट म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंमधून आपापले काल्पनिक संघ उभारण्यासाठी सहभागी मंडळींनी हंगामाच्या आरंभी घेतलेले निवडसत्र होय. निवडलेला खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात जी कामगिरी करतो तिचे गुणांत रूपांतर होते आणि ते गुण त्याच्या काल्पनिक संघाच्या खाती जमा होतात. या लेखात 'फुटबॉल' हा शब्द सर्वत्र अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. भारतात फुटबॉल या नावाने ओळखला जाणारा खेळ किंवा त्याचा फुटसाल हा प्रकार यांच्याशी या विषयाचा संबंध नाही.

मैदानी फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगसाठी (एनएफएल) रूढ झालेले ड्राफ्टचे आडाखे इनडोअर खेळात बहुतांशी लागू पडत नाहीत. मैदानाचा आकार, चाल सुरू होण्यापूर्वीच्या धावेचा नियम आणि व्यावसायिक संघांची कमी-जास्त होणारी संख्या ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

पार्श्वभूमी

फँटसी फुटबॉलचा उगम १९६२ मध्ये झाला. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी संघासोबत न्यू यॉर्कमध्ये असताना काही सहकाऱ्यांच्या मदतीने या खेळाचे नियम बेतले. पुढील वर्षी आठ संघांच्या पहिल्या लीगचा ड्राफ्ट ओकलंडमध्ये पार पडला. त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला खेळाडू जॉर्ज ब्लँडा हा होता. तो क्वार्टरबॅकही होता आणि किकरही, त्यामुळे दोन्ही कामांचे गुण त्याच्यामुळे मिळत.

अरीना फुटबॉलची कल्पना जिम फॉस्टर यांना १९८१ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहताना सुचली. हातातल्या लिफाफ्यावर त्यांनी मैदानाचा आराखडा काढला. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला आणि १९८७ मध्ये चार संघांसह अरीना फुटबॉल लीगचा (एएफएल) पहिला हंगाम खेळला गेला. मैदानाच्या टोकांना टांगलेल्या जाळ्यांवर आदळून परतलेला चेंडू खेळात राहतो, ही या प्रकाराची खूण होय. या खेळपद्धतीचे पेटंट १९९० मध्ये मिळाले. त्यामुळे इतर इनडोअर लीगना जाळ्यांविना खेळावे लागले. २००९ पासून खेळली जाणारी इंडोअर फुटबॉल लीग (आयएफएल) आजही जाळ्या वापरत नाही.

इनडोअर हंगाम साधारणतः वसंत ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होत असल्याने मधल्या मोकळ्या महिन्यांत फँटसी खेळणारे या प्रकाराकडे वळतात.

ड्राफ्टचे स्वरूप

भारतीय वाचकाला फँटसी खेळ परिचित आहे तो मुख्यतः क्रिकेटच्या निमित्ताने. मुंबईतील ड्रीम११ सारख्या मंचांवर एकेका सामन्यापुरता संघ ठरावीक श्रेयांकांच्या मर्यादेत निवडला जाई आणि एकच फलंदाज लाखो जणांच्या संघांत असू शके. ड्राफ्टची रीत याच्या उलट आहे. एकदा एका सहभागीने घेतलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणालाही मिळत नाही आणि तो सहसा संपूर्ण हंगामासाठी घेतला जातो. म्हणूनच चांगला खेळाडू ओळखणे येथे पुरेसे नसते. तो कोणत्या फेरीत घ्यावा आणि त्याला घेताना कोणाला सोडावे, हा खरा प्रश्न असतो.

निवडीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. नागमोडी पद्धतीत पहिल्या फेरीत शेवटी निवड करणारा दुसऱ्या फेरीत प्रथम निवड करतो आणि हा क्रम फेरीगणिक उलटत जातो. लिलाव पद्धतीत प्रत्येकाजवळ सारखीच काल्पनिक रक्कम असते व खेळाडूंवर बोली लावली जाते. न निवडले गेलेले खेळाडू मुक्त यादीत राहतात आणि हंगामात केव्हाही घेता येतात.

खेळाचे नियम आणि गुणांवरील परिणाम

अरीना फुटबॉलचे मैदान ५० यार्ड लांब व ८५ फूट रुंद असते, म्हणजे लांबीने एनएफएलच्या मैदानाच्या निम्मे. प्रत्येक बाजूस आठ खेळाडू असतात. कडेला मऊ आवरण लावलेल्या भिंती असतात. पंट करण्यास, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करण्यास मनाई असल्यामुळे चौथ्या प्रयत्नातही संघाला पुढे सरकण्याचा किंवा फील्ड गोलचा प्रयत्न करावाच लागतो. चाल सुरू होण्यापूर्वी एका रिसीव्हरला प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने धावत येण्याची मुभा असते. मैदानी खेळात हे चालत नाही. चेंडू सुटतो तेव्हा हा रिसीव्हर पूर्ण वेगात असतो आणि त्याच्यासमोरचा बचावपटू मात्र जागीच उभा असतो. त्यातच बचावफळीतील लाइनबॅकरांच्या हालचालींवर नियमाने मर्यादा घातलेल्या असतात.

परिणामी फेकीचा खेळ धावेच्या खेळावर पूर्णपणे मात करतो. एनएफएलमध्ये एका हंगामातील टचडाउन फेकींचा विक्रम पेटन मॅनिंग याच्या नावावर असून तो ५५ आहे (२०१३). अरीना फुटबॉल लीगमध्ये यूटा ब्लेझ संघाच्या टॉमी ग्रेडी याने २०१२ च्या हंगामात १४२ टचडाउन फेकी केल्या. एकाच संघाने पन्नासहून अधिक गुण करणे या खेळात नित्याचे आहे आणि एवढे करूनही तो हरू शकतो. २००८ च्या अंतिम सामन्यात सॅन होजे सेबरकॅट्सने ५६ गुण केले, फिलाडेल्फिया सोलने ५९.

मैदान आखूड असल्याने यार्डांपेक्षा टचडाउनला अधिक वजन येते. मैदानी खेळात चाळीस यार्डांहून लांब टचडाउनसाठी जे अधिमूल्य दिले जाते, ते येथे क्वचितच कोणाला मिळेल. एनएफएलची गुणसारणी जशीच्या तशी उचलणाऱ्या लीगमध्ये पहिल्याच आठवड्यात ही विसंगती उघडी पडते. ड्राफ्टपूर्वी गुणसारणी वाचणे हा सल्ला सर्वच फँटसी खेळांत दिला जातो. इनडोअर खेळात मात्र सारा डाव त्यावरच अवलंबून असतो.

निवडीची धोरणे

बदली खेळाडूचे मूल्य

ड्राफ्टमधील खेळाडूचे मूल्य त्याच्या एकूण गुणांवरून ठरत नाही. त्याच जागेसाठी मुक्त यादीत फुकट मिळू शकणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती अधिक गुण मिळवील, यावरून ते ठरते. हे तत्त्व मैदानी फँटसी खेळातूनच आले असले, तरी इनडोअर खेळात त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो.

उदाहरणादाखल, व्यावसायिक लीगमध्ये बारा संघ आहेत आणि फँटसी लीगमध्ये आठ सहभागी आहेत, असे मानू. प्रत्येकाला एक क्वार्टरबॅक व तीन रिसीव्हर खेळवायचे आहेत. सर्वोत्तम क्वार्टरबॅक सामन्यामागे ४० गुण मिळवितो आणि आठ जणांची निवड झाल्यावर उरलेल्यांतील पहिला, म्हणजे नववा, ३३ गुण मिळवितो. सर्वोत्तम रिसीव्हर ३४ गुण मिळवितो, पण पंचविसावा केवळ १५. क्वार्टरबॅकचे एकूण गुण अधिक असूनही त्याच्यामुळे होणारा लाभ ७ गुणांचा आहे, तर रिसीव्हरमुळे होणारा १९ गुणांचा. अशा स्थितीत पहिली निवड रिसीव्हरची असावी. सगळेच क्वार्टरबॅक भरपूर फेकी करतात म्हणून त्यांच्यातील अंतर कमी राहते. संघातील मुख्य रिसीव्हर व तिसरा रिसीव्हर यांच्यातील अंतर मात्र मोठे असते.

आता बारा संघांऐवजी सहाच संघ आहेत असे मानले, तर चित्र पूर्णतः पालटते. आठ सहभागींना सहाच क्वार्टरबॅक उपलब्ध असतील आणि दोघांची जागा रिकामी राहील. येथे बदली खेळाडू शून्य गुणांचा ठरतो व क्वार्टरबॅकची निवड पहिल्या फेरीतच करावी लागते. हे उदाहरण नुसते कागदावरचे नाही. २००७ मध्ये १९ संघ असलेल्या अरीना फुटबॉल लीगमध्ये २०१७ साली पाच, २०१८ साली चार आणि २०१९ साली सहा संघ उरले होते. त्यामुळे इनडोअर ड्राफ्टच्या तयारीत खेळाडूंच्या यादीआधी संघांची यादी मोजावी लागते. पाच संघांच्या लीगमध्ये दर आठवड्याला किमान एक संघ विश्रांतीवर असतो, हेही त्या मोजणीत धरावे लागते.

स्थाननिहाय विचार

रिसीव्हरांमध्ये धावत येण्याची मुभा कोणाला दिली जाते, हे पाहणे सर्वांत लाभदायक ठरते. बहुतेक संघ हे काम एका ठरावीक खेळाडूकडे सोपवितात आणि फेकींचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. २००६ पर्यंत अरीना फुटबॉल लीगमध्ये 'आयर्नमॅन' नियम होता. बहुतेक खेळाडूंना आक्रमण व बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळावे लागे आणि क्वार्टरबॅक, किकर व काही नेमके तज्ज्ञ खेळाडू यांनाच सूट असे. केवळ आक्रमणात खेळणारा 'ऑफेन्सिव्ह स्पेशालिस्ट' त्यामुळे ताजातवाना राही. २००७ पासून खेळाडू मुक्तपणे बदलता येऊ लागले. त्या वर्षापूर्वीच्या आकडेवारीची नंतरच्या आकडेवारीशी सरळ तुलना करणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते.

धावपटूंच्या बाबतीत मैदानी खेळाची सवय सर्वाधिक नडते. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये रनिंग बॅकला दीर्घकाळ पहिल्या फेरीचा मान मिळत आला. अरीना फुटबॉलमधील फुलबॅक मुख्यतः क्वार्टरबॅकचे रक्षण करतो. त्याचे यार्ड थोडे असतात आणि गुण येतात ते गोलरेषेजवळच्या एक-दोन धावांतून, तेही अनियमितपणे. लीगच्या नियमांनी सक्तीची केली नसेल, तर ही जागा शेवटच्या फेऱ्यांत भरावी. आयएफएलमध्ये मात्र धावेला अधिक वाव असतो आणि स्वतः धावणारा क्वार्टरबॅक तेथे विशेष मोलाचा ठरतो, कारण धावेने केलेल्या टचडाउनला बहुतेक गुणसारण्यांत फेकीपेक्षा जास्त गुण असतात.

किकरचे गणितही निराळे आहे. अरीना फुटबॉलमध्ये गोलखांबांमधील अंतर ९ फूट असून आडवा दांडा १५ फूट उंचीवर असतो. एनएफएलमध्ये तेच अंतर साडेअठरा फूट आणि उंची १० फूट असते. मैदानी खेळात जवळजवळ हमखास मिळणारा टचडाउननंतरचा जादा गुण येथे वारंवार हुकतो. टचडाउनची संख्या मोठी असल्याने असे प्रयत्न प्रत्येक सामन्यात अनेकदा होतात व अचूक किकर आणि साधारण किकर यांच्यातील फरक साठत जातो. ड्रॉप किकने केलेल्या फील्ड गोलला तीनऐवजी चार आणि जादा गुणाला एकाऐवजी दोन गुण मिळण्याची तरतूद अरीना नियमांत आहे, पण तिचा वापर इतका विरळ आहे की तिच्या भरवशावर कोणाची निवड करू नये.

बचावफळी सहसा संपूर्ण संघाची म्हणून निवडली जाते. मैदानी गुणसारणीत कमी गुण देणाऱ्या बचावाला बक्षीस असते. ती सारणी येथे ठेवल्यास जवळपास प्रत्येक बचावफळी दर आठवड्याला उणे गुणांत जाते. अडवलेल्या फेकी, परतवलेले टचडाउन आणि जाळीवरून उसळून आलेल्या चेंडूवर केलेली धाव यांनाच तेथे मोल उरते.

हरणाऱ्या संघातील खेळाडू

हरणाऱ्या संघाचे खेळाडू टाळावेत, असा नवख्यांचा समज असतो. इनडोअर खेळात पिछाडीवरील संघ अखेरपर्यंत फेकी करीत राहतो आणि त्याच्या रिसीव्हरांच्या गुणांत फारशी घट होत नाही. गुणतक्त्यावरील स्थान येथे किती फसवे असते, हे २०१८ मध्ये दिसले. साखळीतील १२ पैकी केवळ २ सामने जिंकलेला वॉशिंग्टन व्हॅलर हा संघ, चारही संघांना बाद फेरीत प्रवेश असल्यामुळे, पुढे अरीना बोलचा विजेता ठरला.

संघ व लीग बंद पडण्याचा धोका

दुखापतीचा धोका सर्वच फँटसी खेळांत असतो. इनडोअर फुटबॉलमध्ये संघच नाहीसा होण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. डिसेंबर २००८ मध्ये अरीना फुटबॉल लीगने २००९ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. लीग २०१० मध्ये परतली आणि २०१९ च्या हंगामानंतर पुन्हा बंद पडली. २०२४ मध्ये तिचे १६ संघांनिशी पुनरुज्जीवन झाले, परंतु काही आठवड्यांतच अनेक संघ बाहेर पडले. उरलेल्या संघांनी हंगाम कसाबसा पूर्ण केला आणि २०२५ साठी अरीना फुटबॉल वन ही नवी लीग उभी राहिली. ज्या सहभागीने २०२४ मध्ये एकाच संघातील क्वार्टरबॅक व रिसीव्हर यांची जोडी घेतली असेल आणि तोच संघ बंद पडला असेल, त्याचा हंगाम तेथेच संपला. अशी जोडी मैदानी खेळात फायद्याची समजली जाते, कारण एकाच टचडाउनचे गुण दोनदा मिळतात. इनडोअर खेळात ती घेण्यापूर्वी संघाची आर्थिक स्थिती, क्रीडागृहाशी असलेला करार आणि मालकाचा पूर्वेतिहास पाहणे हे खेळाडूच्या आकडेवारीइतकेच आवश्यक ठरते.

याच कारणाने खेळाडू पुढील वर्षासाठी राखून ठेवण्याची मुभा देणाऱ्या लीग या खेळात फारशा टिकाऊ ठरत नाहीत. खेळाडू वर जाण्याचीही शक्यता असते. १९९५ ते १९९७ या काळात आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळलेला कर्ट वॉर्नर हा १९९९ च्या हंगामात सेंट लुइस रॅम्सचा क्वार्टरबॅक म्हणून एनएफएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

बंद पडलेल्या संघातील खेळाडूऐवजी नवीन खेळाडू घेण्याची खास तरतूद, रद्द झालेल्या सामन्यांचे गुण आणि हंगाम अर्धवट राहिल्यास विजेता ठरविण्याची रीत या गोष्टी ड्राफ्टपूर्वीच लेखी ठरविलेल्या बऱ्या. सहभागींनी प्रवेशशुल्क जमा केले असेल, तर मागाहून होणारा वाद पैशांचा असतो.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत २००६ च्या इंटरनेट जुगारविषयक संघराज्य कायद्यात फँटसी क्रीडाप्रकारांना काही अटींवर वगळण्यात आले. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे आहेत. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ड्रीम११ने आपल्या सशुल्क स्पर्धा थांबविल्या.