भाड्याच्या सायकलीचे कूळ

सार्वजनिक सायकलीचा जन्म 1965 सालच्या अ‍ॅमस्टरडॅममधला, असे सांगतात. प्रोव्हो चळवळीतल्या तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या. कुणीही न्यावी, कुठेही सोडावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. 1995 मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणारी सायकल आणली. नाणे कुणी टाकले हे कळत नसल्याने ती चोरीला जाऊ लागली.

आपल्याकडच्या सायकल मार्टने हा प्रश्न सोडवला होता. तासाच्या भाड्याने सायकल मिळे. वहीत नाव, सायकलीचा नंबर, नेल्याची वेळ. मडगार्डवर ऑइलपेंटने दुकानाचे नाव. दुकानदार पोराच्या वडिलांना ओळखत असे, तीच अनामत. ही ओळख गल्लीपुरती होती. गाव वाढले, स्कूटर हप्त्यावर मिळू लागली आणि वही मिटली.

वहीचे काम पुढे मोबाइलने उचलले. 2017 च्या डिसेंबरात पुण्यात, विद्यापीठात आणि औंधमध्ये, मोबाइलने उघडणाऱ्या सायकली आल्या. त्या फार टिकल्या नाहीत. युलू या कंपनीची विजेवरची भाड्याची गाडी मात्र टिकली. हँडलवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि निघायचे. मोटर लहान आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, म्हणून लायसन्स लागत नाही. 2023 मध्ये आलेली युलूची नवी वाहने बजाज बनवते. त्याच बजाजच्या 1985 पासूनच्या वाळूज कारखान्याने संभाजीनगरला दुचाकीचे शहर केले.

अशा भाड्याच्या गाड्यांनी लोकांच्या सवयी किती बदलल्या? शेअरिंग सायकलींविषयी अनेक शहरांत आढळले की बहुतेक स्वार एरवी पायी किंवा बसने जाणारेच असतात. घरची गाडी सोडून येणारे थोडे. मला हा दोष वाटत नाही. पायी जाणाऱ्याचे कष्ट वाचणे हेही मोठे काम आहे. युलूने तर सामान पोहोचवणाऱ्यांसाठी वेगळी गाडीच काढली. स्वतःची दुचाकी नसलेल्या पोरांना त्यातून रोजगार मिळाला.

संभाजीनगरच्या चिकलठाण्यात असे पायी चालणारे पुष्कळ आहेत. जालना रोडवर सिटी बसमधून उतरायचे आणि एमआयडीसीत कंपनीच्या गेटपर्यंत उन्हातून चालायचे, नाहीतर शेअर रिक्षा भरण्याची वाट पाहायची. रात्रपाळी सुटल्यावर तीही मिळणे अवघड. म्हणून इथे ई-बाइक आणायची तर पहिला स्टँड मॉलसमोर नको. तो जालना रोडच्या बसथांब्यावर, रेल्वे स्टेशनबाहेर आणि मिनी घाटी रुग्णालयाजवळ हवा, आणि भाडे शेअर रिक्षापेक्षा कमी हवे.