मेहकरच्या अंगणात लव्हेंडर फुलविताना

लव्हेंडर ही तुळशीच्या कुळातील वनस्पती. मंजिरीची ठेवण पाहिली, की हे नाते चटकन पटते. मात्र तुळशीला मानवणारी निगा तिला मानवत नाही. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरात शेजारच्या कुंडीतील लव्हेंडरलाही त्याच मायेने पाणी मिळते आणि रोप माना टाकते. त्यातून वाचलेली रोपे श्रावणाच्या झडीत मुळे कुजून जातात.

लव्हेंडरच्या बहुतेक परिचित जाती भूमध्य सागराकाठच्या खडकाळ उतारांवरील आहेत. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. मेहकरच्या पैनगंगाकाठी ऋतूंचा क्रम नेमका उलटा. बेसॉल्टच्या झिजेतून झालेल्या येथील काळ्या मातीत चुन्याचा अंश असतो. तो लव्हेंडरला बाधक नाही, उलट अल्कधर्मी जमीन तिला आवडते. अडचण आहे ती या मातीच्या चिकटपणाची. पावसात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून वाफ्यापेक्षा मातीची कुंडी बरी. दोन भाग बारीक मुरूम किंवा जाडी वाळू, एक भाग माती आणि मूठभर कुजलेले शेणखत एवढे मिश्रण पुरते. कुंडीच्या पृष्ठभागावर पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरावी.

जातीची निवड चुकली, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. जम्मूतील भदरवाह परिसरातील जांभळी शेते अरोमा मिशनमुळे सर्वांच्या परिचयाची झाली. ती शेते थंड डोंगराळ प्रदेशातील आहेत. तेथे पिकणाऱ्या अँगुस्तिफोलिया या जातीला भरघोस फुलण्यासाठी हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते. मेहकरची चार-सहा आठवड्यांची गुलाबी थंडी तिला अपुरी पडते. स्टोकास ही जात चुनखडीच्या जमिनीत रमत नाही. कातरलेल्या कडांच्या पानांची डेंटाटा उष्णता अधिक सोसते आणि कडक थंडीविनाही फुलते, म्हणून येथे तीच पसंत करावी. रोप घेताना पान चुरडून वास घ्यावा. निळ्या फुलांचा साल्व्हियाही कधी कधी याच नावाने विकला जातो.

लागवड ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर करावी. थंडीच्या दिवसांत कुंडीला किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत वाढलेल्या झाडाला पाने येतात, मंजिऱ्या येत नाहीत. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याखेरीज पाणी देऊ नये. युरिया तर मुळीच घालू नये. नत्र जास्त झाले, की झाड हिरवेगार दिसते आणि फुलायचे विसरते. फुले येत नाहीत म्हणून खत वाढवणे ही सर्वांत नेहमीची चूक होय.

मंजिऱ्या सुकल्या, की झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग छाटावा. कात्री हिरव्या फांदीवरच चालवावी. जुन्या, निष्पर्ण लाकडाला सहसा नवे फुटवे येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली द्यावी. जूनपासून कुंडी ओसरीत किंवा पत्र्याखाली, पण उजेडात व वाऱ्यावर ठेवावी. एवढे करूनही झाड दगावण्याची शक्यता उरतेच. त्यासाठी ऑक्टोबरमध्येच फुले नसलेल्या कोवळ्या फांद्यांचे तीन-चार इंचांचे तुकडे ओलसर वाळूत लावून ठेवावेत; महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात.

लव्हेंडरचे कुळबंधू महाराष्ट्राला परके नाहीत, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. लव्हेंडुला बायपिन्नाटा ही रानजात दख्खनच्या खडकाळ माळांवर आणि उतारांवर आपोआप उगवते व पावसाळा ओसरल्यावर फुलते. सह्याद्रीतील लव्हेंडुला गिब्सोनाय हिला मुंबई इलाख्यातील वनाधिकारी अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव मिळाले आहे. विलायती जातीचा सुगंध या दोघींना नाही, पण इथला पाऊस मात्र त्या सोसतात.