ताडोबा : तळ्याकाठचा देव आणि त्याचे अरण्य

१/ चंद्रपूरच्या अरण्यात दरवर्षी हजारो पर्यटक वाघ पाहावयास जातात. त्या अरण्याला ज्याचे नाव आहे, तो मात्र वाघाशी झुंजताना मरण पावला, असे तेथील गोंड लोक सांगत आले आहेत. हा धागा त्या नावाविषयी.

२/ आख्यायिका अशी : तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो पडला. लोकांनी त्याला देव मानले आणि तळ्याच्या काठी एका विशाल वृक्षाखाली त्याचे ठाणे झाले. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंक्तीत ताडोबा जाऊन बसला. पौष महिन्यातील त्याची जत्रा ही आदिवासींची जुनी परंपरा.

३/ तळ्याचा विस्तार सुमारे १२० हेक्टर. त्यात मगरींचा वास. दक्षिणेकडे कोळसा तलाव, मधून वाहणारी अंधारी नदी, भोवती साग आणि बांबू. पूर्व विदर्भ हा मुळातच तळ्यांचा प्रदेश. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदियातील कितीतरी जुने तलाव आजही ‘मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जातात.

४/ चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मोहर्ली ते ताडोबा रस्त्याच्या कडेला आजही जुने दगडी स्तंभ उभे दिसतात. राजाच्या आगमनाची वर्दी देण्यासाठी त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवीत, असे सांगितले जाते.

५/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला राखीव जंगले आखण्याचा अधिकार दिला आणि रानावर जगणाऱ्यांचे पिढीजात हक्क सरकारी परवानगीवर अवलंबून राहिले. शिकारीवर येथे १९३५ मध्ये बंदी आली.

६/ १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते! चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. कान्हा राष्ट्रीय उद्यानही त्याच वर्षीचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चांदा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

७/ १९८६ मध्ये शेजारचे ५०८.८५ चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य झाले. १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प साकारला.

८/ वाघाला मोकळे रान मिळावे म्हणून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे पुढे हलविण्यात आली. नवेगाव हे नाव आता पर्यटकांना ठाऊक असते, ते एका प्रवेशद्वाराचे म्हणून. वाघ वाढले, ही मोठी कमाई. तिची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासात नोंदले गेले पाहिजे. कारण गाव उठते तेव्हा घरांबरोबर देवाची वाट, पूर्वजांची जागा आणि कथा सांगणारी माणसेही दूर जातात.

९/ ताडोबाला जाणार असाल तर लक्षात ठेवा : चंद्रपूरहून मोहर्लीचे प्रवेशद्वार जवळ, मंगळवारी सफारी बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. तळ्याकाठी पोहोचलात की आपल्या मार्गदर्शकाला तारूची कथा जरूर विचारा. तो जवळपासच्याच एखाद्या गावचा असेल. कदाचित आजीकडून ऐकलेली निराळी कथा तो तुम्हाला सांगेल. ती ऐका आणि लिहून ठेवा.