मुसलमान कोण, हे संसद ठरवते तेव्हा

मुसलमान कोणाला म्हणावे? १९५३ च्या पंजाब दंगलींच्या चौकशीत पाकिस्तानातल्या नामवंत उलेमांना न्यायमूर्तींनी हा साधा प्रश्न विचारला. मौलाना मौदूदींसह अनेकांनी उत्तरे दिली, पण कोणा दोघांचे एकमत झाले नाही. एकाची व्याख्या मानावी, तर बाकी सगळ्यांच्या लेखी आपण काफर ठरतो, अशी नोंद न्या. मुनीर आणि न्या. कयानी यांनी १९५४ च्या अहवालात केली. हा अहवाल प्रत्येक शिकलेल्या मुसलमानाने वाचावा, असे मला वाटते.

दंगलखोरांची मागणी होती की, मिर्झा गुलाम अहमद यांना मानणाऱ्या अहमदियांना बिगर-मुस्लिम जाहीर करा आणि अहमदी असलेल्या परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना काढा. (पॅलेस्टाईनच्या अरबांची बाजू युनोत हिरिरीने मांडणारे ते हेच!) माणसे मारली गेली. ६ मार्चला लाहोरात मार्शल लॉ लागला. पाकिस्तानातला तो पहिला. आपल्याला १९५८ चे अयुब खान आठवतात, पण लष्कराला शहर चालवण्याची चव लागली ती इथे. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर जनरलने पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना घरी पाठवले आणि १९५४ मध्ये घटना समितीही बरखास्त केली. संघ न्यायालयाने १९५५ मध्ये गव्हर्नर जनरलचीच बाजू उचलून धरली. तेव्हा सरन्यायाधीश कोण होते? तेच मुनीर.

उलेमांना जी व्याख्या जमली नव्हती, ती ७ सप्टेंबर १९७४ रोजी भुत्तोंच्या संसदेने घटनादुरुस्ती करून टाकली. १९८४ मध्ये झियांनी पुढची पायरी गाठली. अहमदियाने आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटले किंवा अजान दिली, तर तीन वर्षांपर्यंत कैद.

‘ते मुसलमान नाहीतच, मग अन्याय कसला?’ असे आपल्याकडेही विचारले जाते. खत्मे-नबुव्वतवर माझाही ईमान आहे. पण इथे वाद अकीद्याचा नाही, नागरिकाच्या हक्काचा आहे. भारतात अल्पसंख्य म्हणून तो हक्क आपण मागतो, तेव्हा आपला अकीदा कोणी तपासलेला आपल्याला चालेल का?

पाकिस्तानात २००२ पासून मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे एकाच मतदार यादीत आहेत. अहमदियांची यादी तेवढी वेगळी. तिच्यात नाव राहू द्यायचे तर आपण बिगर-मुस्लिम असल्याचे मान्य करावे लागते, म्हणून बहुतेक अहमदी मतदानालाच जात नाहीत.