मालगुजारी कागदांतील दशांश व आणे-पै

मालगुजारी गांवांचे जुने कागद वाचणारांस एक अडचण वारंवार येते. एकाच गांवाच्या कागदांत जमिनीचें क्षेत्र दशांशांत आणि मालकीचा हिस्सा आणे-पैंत लिहिलेला असतो. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर दशांशाचा अपूर्णांक करून त्यास अतिसंक्षिप्त रूप देतां आलें पाहिजे. भंडारा जिल्ह्यापुरता हा विचार येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुन्या कागदांतील भंडारा म्हणजे इ. स. १९९९ त वेगळ्या झालेल्या गोंदियासह सर्व मुलूख, हें ध्यानांत असावें.

नागपूरकर भोंसल्यांचें राज्य १८५४ त खालसा झालें व १८६१ त मध्यप्रांत बनला. त्यानंतरच्या पहिल्या बंदोबस्तांत मालगुजारांस गांवाची मालकी मिळाली. अखंड गांव म्हणजे सोळा आणे, व पट्टीदारांचे हिस्से त्याच मापानें लिहीत. क्षेत्र मात्र एकर व त्याचा शतांश, म्हणजे डिसमिल, यांत मांडण्याचा प्रघात पडला. मुंबई इलाख्यांत एकराचे चाळीस गुंठे धरीत. अर्थात् एक गुंठा म्हणजे अडीच डिसमिल. तिकडील कागदांची संवय असलेल्यानें १·३५ हा आंकडा एक एकर पस्तीस गुंठे असा वाचल्यास फसगत होते. ०·३५ म्हणजे ३५/१००; अंश व छेद यांस पांचानें भागिलें कीं ७/२० येतो, आणि तो चौदा गुंठ्यांबरोबर आहे.

रीत अशी. दशांशचिन्हापुढील अंक अंशस्थानीं मांडावे. जितकीं स्थळें तितकीं शून्यें एकावर देऊन छेद करावा. मग छेदास अंशानें, अंशास बाकीनें, याप्रमाणें परस्परांस भागीत जावें. ज्या भाजकानें बाकी उरत नाहीं, त्यानें दोहोंस भागावें. हें परस्परभाजन भास्कराचार्यांच्या लीलावतींत (इ. स. ११५०) कुट्टकप्रकरणीं आलें आहे. उदाहरणार्थ, ०·३७५ म्हणजे ३७५/१०००. भागाकारांत बाकी प्रथम २५०, मग १२५, मग शून्य. १२५ नें भागतां ३/८, म्हणजे सहा आणे.

दहा हजारांस सोळानें निःशेष भाग जातो. म्हणून नुसत्या आण्यांचा कोणताहि हिस्सा चार स्थळांत पुरा मावतो. एक आणा म्हणजे ०·०६२५. पैची गोष्ट निराळी. रुपयाच्या पै १९२. या संख्येंत तीन हा अवयव आहे, आणि दहाच्या कोणत्याहि घातास तिनानें भाग जात नाहीं. तीन भावांची सारखी वांटणी प्रत्येकीं पांच आणे चार पै. ६४/१९२, म्हणजे बरोबर १/३. तीच ०·३३ अशी उतरली तर वरील रीतीनें ३३/१०० येईल व तिघांची बेरीज ०·९९ भरेल. तीनशें एकरांच्या गांवांत तीन एकर कोणाच्याच नांवें राहाणार नाहींत.

याकरितां दशांश पुरा आहे कीं मध्येंच तोडलेला आहे, हें संशोधकानें आधीं पाहावें. सर्व पट्टीदारांच्या हिश्शांची बेरीज सोळा आणे झाली पाहिजे, ही त्याची कसोटी होय. मालगुजारी १९५१ त संपली, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे होऊन आणा सव्वासहा पैशांचा ठरला. त्यामुळें आतां नकला करितांना आणे-पैंचे दशांश करण्याचा मोह होतो. असे कागद छापतांना मूळचे आणे-पै तसेच ठेवावे, आणि दशांश द्यावयाचाच झाल्यास शेजारीं संक्षिप्त अपूर्णांकहि द्यावा, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.