खड्डा कुणाच्या नावे?

रस्ता आतून पोखरला जाऊन पावसात अचानक खचतो, त्याला आम्ही बडोद्याचे मराठी लोकही गुजरात्यांसारखं 'भुवा' म्हणतो. गुजरातीत मांत्रिकालाही भुवाच म्हणतात, त्यामुळे लहानपणी वाटायचं की रस्त्यात मांत्रिक बसला आहे! हल्ली मात्र हा शब्द कानावर आला की मला 1979 साल आठवतं.

तेव्हा मी बदलीवर गुजरातमधल्याच एका महापालिकेच्या शहरात होतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या शाखेतले कॅशियर आपलेच मराठी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. 30 जूनचं सहामाही क्लोजिंग. बॅलन्स टॅली करून साडेदहाला स्कूटरवरून निघाले. वाटेत पाण्याच्या पाइपसाठी रस्ता आडवा खणलेला होता. कठडा नाही, लाल कंदील नाही, रस्त्यावरचे दिवेही गेलेले. चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. मागे वहिनी आणि दोन लहान मुलं. घरी येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा, "वेळच आली होती."

प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, वारसाचे कागद हे सगळं मी केलं. आम्ही कॉमर्सवाले. नुकसान झालं की ते कुणाच्या तरी नावे टाकावंच लागतं, एवढं शिकलेलो. हे नुकसान कुणाच्या नावे, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही. मलाही नाही. वहिनींचे भाऊ संक्रांतीनंतर आले, त्यांनी तो विचारला आणि आम्ही दोघं वकिलाकडे गेलो.

वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मोटार अपघाताच्या ट्रिब्युनलचा उपयोग नाही, कारण धडक देणारं दुसरं वाहनच नाही. महापालिकेवर दिवाणी दावा झाला असता. पण 1949 च्या महापालिका कायद्याच्या कलम 487 प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यायची आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. आम्ही बोटं मोजली. मुदत नुकतीच टळली होती. "चराचा फोटो आहे का?" चर तर तिसऱ्याच दिवशी बुजवला होता. वरून डांबरसुद्धा!

रिटायर झाल्यावर वेळ होता, म्हणून हा विषय जमेल तसा वाचत गेलो. आपला कायदा इंग्रजांकडून आला, म्हणून सुरुवात तिथूनच. 1788 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मोडक्या पुलावर एकाची मालगाडी मोडली. त्याने परगण्याच्या रहिवाशांवर दावा लावला. कोर्ट म्हणालं, एकाचं नुकसान झालेलं परवडलं, पण साऱ्या लोकांना त्रास नको. पुढे त्यातून एक विचित्र नियम पक्का झाला. रस्त्याचं काम करून ते धोकादायक ठेवलं तर जबाबदारी. पण रस्ता नुसताच मोडू दिला, हातच लावला नाही, तर जबाबदारी नाही. म्हणजे काहीच न करणारा सुरक्षित! इंग्लंडने 1961 मध्ये कायदा करून हा नियम काढला, तो लागू झाला 1964 मध्ये.

आपल्याकडचा जुना खटला कलकत्त्याचा. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले मजूर भलामोठा लोखंडी भाग उचलून रस्ता ओलांडत होते. समोरून पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी आली. मजुरांनी घाबरून लोखंड खाली टाकलं, त्या आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. 1861 मध्ये मुख्य न्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी सांगितलं की गोदीचं काम कुणीही खासगी माणूस करू शकतो, ते काही राज्यसत्तेचं खास काम नव्हे. तेव्हा सरकारने भरपाई द्यावी. दावा होता 350 रुपयांचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या घोड्याला निदान वेळेवर वकील मिळाला होता.

मग दिल्ली. चांदनी चौकात टाउन हॉलसमोरचा घंटाघर कोसळून खालून जाणारे लोक मेले. इमारत सुमारे 80 वर्षांची, आणि वरच्या मजल्याच्या चुन्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं. रस्त्याकडेची इमारत ज्याची, तिची तपासणी करणं त्याचं काम. दोष बाहेरून दिसत नव्हता ही सबब चालणार नाही. अशी इमारत आपोआप पडत नाही, पडली म्हणजेच हयगय झाली.

राजकोटचा निकाल मात्र उलटा. मार्च 1975 मध्ये रस्त्याकडेचं झाड एका पादचाऱ्यावर पडलं आणि तो गेला. खालच्या कोर्टाने पत्नीला 45 हजार मंजूर केले, हायकोर्टाने ते कायम ठेवले. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. प्रत्येक झाड रोज तपासायची अपेक्षा महापालिकेकडून करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. कायद्याचं जाणकार बोलतील. मला दिसतं ते एवढंच, की त्या बाईंनी 22 वर्षं काढली.

अलीकडे हवा थोडी बदलली आहे. 2018 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की चांगला रस्ता हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मोटार कायद्यात 2019 पासून 198अ हे कलम आलं. रस्ता ठरलेल्या दर्जाचा नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना 1 लाखापर्यंत दंड. (तो जातो सरकारी निधीत. घरच्यांच्या हातात नाही.) आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख द्यायला सांगितले, आणि ती रक्कम दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायचीही वाट ठेवली. हा आदेश महाराष्ट्रातला, आम्हा गुजरातवाल्यांसाठी नाही.

आमची केस मी पुन्हा पुन्हा मनात तपासली. चर खणलेला होता, म्हणजे नुसतं दुर्लक्ष नव्हतं, काम करून धोका ठेवलेला होता. डेव्हनच्या त्या जुन्या नियमानेही आमचीच बाजू भरत होती! आम्हाला लागत होते दोन कागद, एक नोटीस आणि एक फोटो. आणि मी तेव्हा पी.एफ.चे फॉर्म भरत बसलो होतो.

वहिनींना पुढे बँकेत नोकरी मिळाली, मुलं मार्गी लागली. आता त्या थोरल्या मुलाकडे पुण्याला असतात. सहा लाखांची बातमी आली त्या दिवशी मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या रात्री तिथे कंदील नव्हता, हे कुठे लिहून ठेवलंय का हो कुणी?"

म्हणून आज हे लिहिलं.